भट्टीचा स्विच आणि व्यापाऱ्याची घाई

आम्ही कापडाच्या धंद्यातले माणूस. मातीकामातले आम्हाला काय कळते, असे कोणी विचारील. पण गेल्या साली एका जळक्या स्विचने आम्हाला जो धडा शिकविला, तो कारागीर आणि व्यापारी अशा दोन्ही बांधवांच्या कामाचा आहे.

गिऱ्हाइकांना भेट देण्यासाठी आम्ही ओळखीच्या एका कुंभाराकडे शंभर कप सांगितले होते. त्याची विजेची छोटी भट्टी आहे. शेवटची खेप राहिली आणि भट्टी तापेना. तपासले तेव्हा उष्णता कमी-जास्त करणारा स्विच, ज्याला बाजारात सिमरस्टॅट म्हणतात, तो आतून जळाला होता. कुंभार म्हणाला, "शेठ, दोन दिवस द्या, नवा आणून बसवतो." आम्ही म्हणालो, "माल परवा पाहिजे म्हणजे पाहिजे." मग त्याने वायरमन बोलावला. वायरमनने स्विच काढून दोन वायरी थेट जोडून दिल्या.

रात्री भट्टी प्रमाणाबाहेर तापली. विशीतल्या मदतनीसाने गडबडीत उघड्या पेटीत हात घातला, तो त्या जोडाला लागला आणि तो मागे फेकला गेला. जीव वाचला, ही मोठी गोष्ट. कपांची झिलई वितळून ओघळली आणि सगळी खेप फरशीला चिकटून बसली. आता कसूर कोणाचा? वायरमनचा आहे, कुंभाराचा आहे, पण पहिला आमचा आहे. नुकसान आम्ही निम्मे सोसले. पण त्या मुलाचे काही बरेवाईट झाले असते तर त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडला असता?

नंतर एका जाणकार मिस्त्रीकडून आम्ही हे काम समजून घेतले. तीन किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपियर वीज ओढते, आणि तीही तासन्‌तास. घरातल्या दिव्याचा ६ अँपियरचा स्विच तिथे टिकणार नाही. मूळ स्विचवरचे अँपियर आणि व्होल्ट वाचावेत आणि तेवढ्याच किंवा जास्त ताकदीचा, खात्रीच्या दुकानातला स्विच पक्के बिल घेऊन आणावा.

भट्टी थंड झाल्यावर मेन बंद करावा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, म्हणजे दुसरा कोणी चुकून लावणार नाही. नुसता भट्टीचा स्विच बंद करून भागत नाही. पुष्कळदा तो एकच तार तोडतो, दुसरीत वीज असू शकते. म्हणून टेस्टरने खात्री केल्याशिवाय हात लावू नये. वायरी सोडण्याआधी खुणा कराव्यात. आता मोबाइलवर फोटोही काढता येतो. काळा पडलेला लग तसाच बसविला की जोड ढिला राहतो, ढिला जोड तापतो आणि नवा स्विचही जळतो. वायरीचे जळके टोक कापून नवा लग दाबून बसवावा. भट्टीजवळची वायर उष्णता सोसणारी असावी, साधी प्लास्टिकची नको. अर्थिंग तपासावे. पहिली भट्टी दिवसा, माणूस समोर बसवून लावावी. हे काम ज्याला येते त्यानेच करावे.

कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे, की एक जादा स्विच घरात आणून ठेवा. एका खेपेच्या नुकसानीपुढे त्याची किंमत काहीच नाही. कोणी "डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि व्यापारी बांधवांनो, कारागीर दोन दिवस मागतो तेव्हा तो बहाणाच करतो असे समजू नका. आम्ही तसे समजलो होतो. त्या घाईने माल तर मिळाला नाहीच, उलट एका घरचा जवान मुलगा जाता जाता राहिला.