रुग्णालयप्रवेशाच्या वेळी जीवाणूंची चौकशी : तालुक्याच्या वैद्यांचे काम

रुग्ण रुग्णालयात दाखल होतानाच त्याच्या अंगावर वा आतड्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू आहेत काय, याची तपासणी करावी, असा विचार वैद्यकक्षेत्रात बरीच वर्षे चालू आहे. हा विषय पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांचा, शिरूर-दौंडच्या वैद्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्या अनेक व्यवसायबंधूंना वाटते. आमचे मत निराळे आहे. अशी तपासणी नेमकी कोणाची करावी हे ठरविण्यासाठी जी माहिती लागते, ती मोठ्या रुग्णालयापाशी बहुधा नसतेच. ती आपल्या केसपेपरवर आणि गावातील औषध दुकानाच्या नोंदवहीत असते, आणि तेथेच पडून राहते.

प्रथम तपासणीचे स्वरूप पाहू. मेथिसिलिनला प्रतिरोध करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे एमआरएसए, याच्यासाठी नाकपुडीच्या आतून आणि काख-जांघ येथून स्वॅब घेतात. कार्बापेनेम वर्गाच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्लेबसिएला, ई. कोलाय आदी आतड्यांतील जीवाणूंसाठी गुदमार्गातून स्वॅब घ्यावा लागतो. कल्चरचे उत्तर यावयास साधारणतः एक ते दोन दिवस लागतात; पीसीआरने काही तासांत कळते, पण खर्च बराच येतो. यात जे सापडते ते जीवाणूंचे वहन होय, रोग नव्हे. धडधाकट दिसणारा मनुष्य असे जीवाणू महिनोन्महिने बाळगू शकतो आणि त्याला काहीही होत नाही. परंतु त्याच मनुष्याच्या मूत्रमार्गात नळी घातली, पोटाची शस्त्रक्रिया झाली किंवा तो अतिदक्षता विभागात पडला, की तेच जीवाणू रक्तात उतरू शकतात आणि परिचारकाच्या हातांवरून शेजारच्या खाटेवर पोहोचू शकतात. केवळ स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून प्रतिजैविक सुरू करणे अयोग्य आहे, हे येथेच नमूद करतो; कारण अहवालावर जीवाणूचे नाव दिसले की त्यावर औषध लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. एमआरएसएच्या वाहकास ठरावीक शस्त्रक्रियांपूर्वी म्युपिरोसिनचे मलम नाकात आणि क्लोरहेक्सिडिनचे स्नान असा सुमारे पाच दिवसांचा उपक्रम देतात. आतड्यांतील कार्बापेनेम-प्रतिरोधक जीवाणू घालविण्याचा असा खात्रीचा उपाय आजही उपलब्ध नाही.

या जीवाणूंची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. 2008 साली स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या मूत्रात क्लेबसिएला न्यूमोनिए सापडला. तो रुग्ण त्यापूर्वी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून त्या जीवाणूच्या प्रतिरोधक एन्झाइमला न्यू डेली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-1, असे नाव मिळाले. 2010 साली लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस या नियतकालिकातील लेखानंतर या नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला आणि देशाची बदनामी केल्याचा आरोप झाला. परंतु त्याच वर्षी, त्या लेखाच्या काही महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपली निरीक्षणे जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियामध्ये प्रसिद्ध केली होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या काळात त्यांना कार्बापेनेम-प्रतिरोधक आंत्र-जीवाणूंचे 24 नमुने मिळाले आणि त्यांतील 22 मध्ये एनडीएम-1 होते. एका रुग्णालयात, चार महिन्यांत. नावाचा वाद चालू राहिला आणि जीवाणूही आपले काम करीत राहिले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या व नळाच्या पाण्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत एनडीएम-1 चे जनुक मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातील, प्रामुख्याने मोठ्या, रुग्णालयांच्या अहवालांनुसार 2017 साली क्लेबसिएलाचे निम्म्याहून अधिक नमुने इमिपेनेमला दाद देत होते. 2023 पर्यंत हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. कार्बापेनेम निकामी झाले की कोलिस्टिनसारखी, वृक्कांना त्रासदायक ठरणारी औषधे हाती उरतात.

प्रवेशकालीन तपासणीचा अनुभव इतर देशांनी घेतला आहे. नेदरलँडमध्ये एमआरएसएबाबत शोधा आणि नष्ट करा, अशा नावाचेच धोरण दीर्घकाळ राबविले गेले : जोखमीच्या रुग्णास प्रथम वेगळे ठेवावयाचे आणि अहवाल स्वच्छ आला तरच सर्वसाधारण कक्षात घ्यावयाचे. इंग्लंडने एप्रिल 2009 पासून नियोजित शस्त्रक्रियांच्या आणि 2010 च्या अखेरीपासून तातडीने दाखल होणाऱ्या रुग्णांसाठीही एमआरएसए तपासणी सक्तीची केली. परंतु 2014 साली सरसकट तपासणीचा आग्रह सोडून जोखमीचे विभाग व जोखमीचे रुग्ण यांवर भर दिला. श्रीमंत आणि सुसज्ज आरोग्ययंत्रणेलाही सर्वांची तपासणी परवडण्याजोगी वा फलदायी वाटली नाही, ही गोष्ट आपल्याकडील उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावी. कार्बापेनेम-प्रतिरोधक जीवाणूंसाठी तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : गेल्या बारा महिन्यांत आपण परदेशातील रुग्णालयात दाखल होता काय?

म्हणजे पुण्यातील रुग्णालयात राहून आलेला आपला एखादा नातेवाईक लंडनला मुलाकडे गेला आणि तेथे दाखल झाला, तर त्याला हा प्रश्न विचारला जाईल, त्याचा स्वॅब घेतला जाईल. दौंडहून पुण्यास, पुण्याहून पुन्हा दौंडला आणि तेथून शिरूरच्या नातलगांकडे जाणाऱ्या रुग्णास मात्र हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचा मार्ग आपणां सर्वांना पाठ आहे. मधुमेही शेतकरी, पायाला जखम. प्रथम गावातील दवाखान्यात तीन दिवस इंजेक्शने. मग बाजारच्या दिवशी मेडिकलमधून मागून घेतलेल्या पाच गोळ्या. मग चौफुला वा न्हावऱ्याच्या बाजूला एखाद्या नर्सिंग होममध्ये सलाईन. जखम काळी पडली की ससून किंवा पुण्यातील खाजगी रुग्णालय. तेथे पंधरवडा अतिदक्षता विभागात. पैसे संपले की घरी, आणि ड्रेसिंगसाठी पुन्हा आपल्याकडे. या प्रवासात पाच ठिकाणी त्याला प्रतिजैविके मिळाली आणि पाचांपैकी एकाही जागी आधीच्या चारांची नावे लिहिलेली नसतात. रुग्ण सांगतो, पांढरी गोळी होती, मोठी. पुण्यातील निवासी डॉक्टर या माहितीवर काय ठरविणार? तो सर्वांत वरच्या वर्गाचे औषध लिहितो, आणि त्याला दोष देणे कठीण आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी सर्वांचे स्वॅब घेण्याची भाषा करू नये. कल्चरचे नमुने आपल्याकडून बहुधा पुण्यास जातात, उत्तर येईतो रुग्ण घरी गेलेला असतो आणि खर्च रुग्णाच्या माथी बसतो. येथे प्रवेशकालीन तपासणी म्हणजे प्रथम पाच-सहा प्रश्न. गेल्या वर्षभरात कोणत्या रुग्णालयात राहिलात, किती दिवस, अतिदक्षता विभागात होता काय? गेल्या तीन महिन्यांत कोणती प्रतिजैविके, किती दिवस? मूत्रमार्गात नळी, डायलिसिस, न भरणारा व्रण? घरातील कोणी नुकतेच रुग्णालयातून आले आहे काय? पूर्वी कल्चर झाले असल्यास त्याचा कागद कोठे आहे? ज्याची उत्तरे जोखमीची, त्याचाच स्वॅब. तोही शस्त्रक्रिया, अतिदक्षता किंवा दीर्घ मुक्काम ठरला असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कार्बापेनेम-प्रतिरोधक जीवाणूंसाठी जोखीम पाहून निगराणी कल्चर, संपर्कातून होणारा प्रसार टाळण्याची दक्षता, विलगीकरण आणि हातांची स्वच्छता ही एकत्र सांगितली आहेत. यांतील पहिलीच तेवढी उचलली तर हाती केवळ एक कागद येतो.

त्या कागदाचे काय होईल, ही आमची मोठी चिंता आहे. दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये स्वतंत्र खोली असतेच असे नाही. अशा वेळी अहवाल पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णास कडेची खाट, त्याच्यासाठी वेगळे रक्तदाबयंत्र व थर्मामीटर, त्याचे ड्रेसिंग सर्वांत शेवटी, स्वच्छतागृहाची नीट सफाई, आणि प्रत्येक स्पर्शानंतर हात धुणे वा सॅनिटायझर, एवढे करता येते आणि ते बरेच असते. परंतु अहवाल पाहून रुग्णासच नाकारण्याचा प्रकार घडू लागला तर ही तपासणी लोकांना नकोशी होईल. कोरोनाच्या काळात, 2020 व 2021 साली, अहवाल हाती नाही म्हणून दाराबाहेर ताटकळलेले रुग्ण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहेत. कोरोनाचा रुग्ण काही आठवड्यांत मोकळा होत असे. आतड्यांतील या जीवाणूंचे वहन मात्र वर्षभरही टिकू शकते. तेवढा काळ त्याला कोणी दारात उभे करणार नसेल, तर तो पुढच्या वेळी पूर्वीचा कागद दाखविणारच नाही. ज्या शस्त्रक्रिया शासकीय योजनांतून होतात, तेथे या तपासणीचा खर्च पॅकेजमध्ये स्पष्टपणे धरला जावा आणि वाहक रुग्णास नाकारता येणार नाही, असे लेखी असावे, अशी मागणी आपल्या संघटनेने करावयास हरकत नाही.

आता स्वतःच्या घराकडे पाहू. आपल्यापैकी अनेकांची पंचकर्म केंद्रे आहेत, काहींकडे क्षारसूत्राचे कक्ष आहेत. ज्या जीवाणूंबद्दल आपण बोलत आहोत त्यांचे वसतिस्थान आतडे आणि गुदमार्ग आहे, ही गोष्ट बस्ती देणाऱ्यास सांगावयास हवी काय? बस्तीची नळी प्रत्येक रुग्णास नवी असावी आणि बस्तियंत्राचा जो भाग पुन्हा वापरला जातो त्याचे निर्जंतुकीकरण झालेच पाहिजे. गरम पाण्यात बुडवून काढणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. भगंदराचा रुग्ण बहुधा दोन-तीन ठिकाणी प्रतिजैविके घेऊन, क्वचित एखादी शस्त्रक्रिया करवून मगच क्षारसूत्रासाठी येतो. वरील प्रश्नावली त्याच्यासाठीच केल्यासारखी आहे. जलौकेच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जीवाणू असतात आणि जलौकावचरणानंतर त्यांचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. एका रुग्णास वापरलेली जलौका दुसऱ्यास लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, कुष्ठनिदानाच्या अध्यायात, अंगस्पर्श, एकत्र भोजन, एक शय्या, वापरलेली वस्त्रे यांतून रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात असे सांगितले आहे, आणि सूत्रस्थानात व्रणी रुग्णाच्या निवासाचे धूपन सांगितले आहे. हा वारसा सभेत अभिमानाने सांगणाऱ्या वैद्याने ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडेही त्याच अभिमानाने पाहावे.

आणखी एक कटू गोष्ट. या जीवाणूंवर आपल्या अमुक वनस्पतीचा काढा रामबाण आहे, असे लेख व जाहिराती वारंवार दिसतात. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत अर्काभोवती जीवाणू वाढले नाहीत, यावरून रक्तात जीवाणू उतरलेल्या रुग्णाची चिकित्सा ठरत नाही. असा रुग्ण तात्काळ पुढे पाठवावा. आपला खरा हातभार त्याच्या कितीतरी आधी लागतो. साधा प्रतिश्याय, कास, साधा अतिसार यांत आपल्या शास्त्रात लंघन-पाचनापासून चिकित्सा आहे. तेथेही प्रतिजैविक लिहिणारा वैद्य आपली विद्या बाजूला ठेवून जोखमीचा रुग्ण तयार करीत असतो. महाराष्ट्रात आपल्याला आधुनिक औषधे वापरण्याची मुभा कोठवर आहे, हा वाद येथे काढीत नाही. जो ती वापरतो त्याने त्यांचे नाव, मात्रा आणि दिवस रुग्णाच्या कागदावर वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेच पाहिजेत.

औषध विक्रेत्या वाचकांना आमची विशेष विनंती आहे. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-1 अनुसूचीत सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम आदी औषधे आहेत. ती देताना चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ही वही औषध निरीक्षक येणार म्हणून आदल्या रात्री भरावयाची वस्तू असल्याचा समज काही ठिकाणी आहे. वास्तविक ती रोजच्या रोज भरली तर तालुक्याच्या प्रतिजैविक-सेवनाचा तो सर्वांत विश्वसनीय लेखा होईल. रुग्ण पुण्यास निघाला आणि त्याचा नातेवाईक दुकानात येऊन विचारू लागला, तर दोन मिनिटांत त्या वहीवरून औषधांची नावे लिहून देता येतील. बिलावर औषधाचे नाव स्पष्ट छापलेले असावे. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देण्याची जुनी रीत निदान प्रतिजैविकांपुरती तरी बंद करावी.

वरील प्रश्नांचा एक पानाचा मराठी नमुना शिरूर व दौंड येथील सभासदांच्या बैठकीत ठेवावा, असे आम्ही सुचवितो. त्याच्या दोन प्रती असाव्यात : एक आपल्या केसपेपरला जोडलेली, दुसरी रुग्णाबरोबर पुढे जाणारी. रुग्ण परत येताना डिस्चार्ज कार्डासह कल्चरचा अहवालही मागून आणावा, असे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, ही गोष्ट फार थोड्या नातेवाइकांना ठाऊक असते. नमुन्याच्या तळाशी तीही छापावी.