दफ्तरात बांधलेली किल्ली

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामाकरिता गिट नावाची जी दफ्तरपद्धती सिद्ध केली, तिच्यावाचून आज सॉफ्टवेअरची क्वचितच एखादी कचेरी चालत असेल. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणास्तव बदलली याचा तपशीलवार दाखला ठेवणे, आणि एकदा दाखल झालेला मजकूर सहसा नाहीसा होऊ न देणे, हा या पद्धतीचा धर्मच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, त्यांत जाळून टाकावेत असे मूळ लेखकांना वाटले असते असेही कागद आहेत. दफ्तर कागद राखते, लिहिणाऱ्याची मर्जी राखत नाही. मात्र ज्या रुमालात असे कागद बांधायचे, त्याच रुमालात खजिन्याची किल्ली बांधून ठेवणारा कारकून शहाणा म्हणता येणार नाही, आणि आमचे सुशिक्षित अभियंते नेमके तेच करीत आहेत.

हे घडते कसे, ते पाहण्याजोगे आहे. काम निकडीचे असते, डेटाबेसशी जोडणी होत नसते, म्हणून पासवर्ड तात्पुरता म्हणून सेटिंगच्या फाइलीतच लिहिला जातो. जोडणी होते, आणि त्या आनंदात ती फाइल सर्व कामासह कमिट होते, म्हणजे दफ्तरी दाखल होते. सायंकाळी चूक ध्यानात येते, ओळ खोडली जाते, आणि ‘पासवर्ड काढला’ अशा प्रामाणिक शेऱ्यासह दुसरी नोंद पडते. इतिहास उघडणाऱ्याला मग ती ओळ वजाबाकीचे चिन्ह लावून, तांबड्या अक्षरांत, मूळ पासवर्डासह दिसते; म्हणजे लपविण्याच्या खटपटीने चोराला जागा मात्र दाखवून दिली. गिटने वगळायच्या फाइलींच्या गिटइग्नोर यादीत नाव घातले की बंदोबस्त झाला, अशीही एक गोड समजूत आहे; परंतु जी फाइल आधीच दफ्तरी दाखल झाली, तिच्यावर त्या यादीचा अंमल चालत नाही. इतिहास नव्याने लिहून देणारी अवजारे आहेत हे खरे, तथापि ज्यांनी दरम्यान क्लोन, म्हणजे दफ्तराची पूर्ण प्रत, उतरवून नेला, त्यांच्या संगणकावरचा जुना इतिहास ती कशी पुसणार?

‘आमचा रेपो, म्हणजे गिटचे दफ्तर, खासगी आहे’ या उत्तराने ज्यांचे समाधान होते, त्यांनी उबर कंपनीचे प्रकरण मुळातून पाहावे. २०१४ साली उघड्यावर राहिलेल्या एका किल्लीने तिच्या चालकांची माहिती परक्यांच्या हाती गेली होती. त्या प्रकाराची सरकारी चौकशी चालू असतानाच, २०१६ साली, चोरट्यांनी कंपनीच्या खासगी रेपोत प्रवेश मिळविला, तेथे लिहून ठेवलेली ॲमेझॉनच्या सर्व्हरची किल्ली उचलली, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालक यांची माहिती नेली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण सुमारे वर्षभर झाकून ठेवले. ते झाकल्याबद्दल २०२२ साली तिचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांना न्यायालयात दोषी ठरविण्यात आले. शिक्षा किल्ली हरवल्याची झाली नाही, हे लक्षात घ्यावे. याच्या उलट, मार्च २०२३ मध्ये असे रेपो सांभाळणाऱ्या खुद्द गिटहब कंपनीचीच एक खासगी किल्ली काही काळ सार्वजनिक रेपोत उघडी पडली, तेव्हा तिचा गैरवापर झाल्याचे चिन्ह नसतानाही कंपनीने ती तत्काळ बदलली आणि तसे जाहीर केले.

माझ्या मते सारा प्रश्न या दोन वर्तनांतील अंतराचा आहे. उघडी पडलेली किल्ली ही चोरीला गेलेलीच समजून आधी ती रद्द करावी, इतिहासाची साफसफाई मागाहून सवडीने करावी, हा क्रम कोणीही पाठ म्हणून दाखवील. पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाने सायंकाळी उठून वरिष्ठांना ‘माझ्याकडून असे झाले’ असे सांगावे, अशी हवा कचेरीत असल्याशिवाय तो क्रम अमलात येणार कसा? जेथे कबुलीचे बक्षीस म्हणजे नोकरीवर गदा, तेथे ‘पासवर्ड काढला’ एवढ्याच नोंदीवर मामला मिटणार. वास्तविक अशी फाइल दाखल होण्यापूर्वीच तपासून अडविणारी साधने उपलब्ध आहेत, किल्ल्या स्वतंत्र तिजोरीत ठेवून चालत्या प्रोग्रॅमला आयत्या वेळी पुरविण्याची रीतही जुनीच आहे. ती बसवून देणे हे व्यवस्थापनाचे काम, आणि ते न करता उमेदवारावर डोळे वटारणे हा निव्वळ कांगावा होय.

किल्ली निदान बदलता तरी येते. चाचणीसाठी नमुना हवा म्हणून खऱ्या माणसांची यादी, त्यांच्या जन्मतारखा आणि आजारांसह, रेपोत टाकली गेली, तर त्या माणसांची जन्मतारीख कोण बदलून देणार? म्हणून असा नमुना कल्पित नावांचाच असावा, यात सवलत नसावी.

केंद्राच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत आणि घटना न कळविण्यासाठी २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद केली, ही गोष्ट योग्यच. परंतु चूक कोणाच्या नजरेसच आली नाही, तर दंड काय करणार? टोयोटा या मोटारकंपनीच्या प्रकरणात काय झाले? उपकंत्राटदाराने चुकून सार्वजनिक केलेल्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरची किल्ली होती, आणि डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, ती कोणाच्या नजरेस आली नाही; २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले. आपल्या महानगरपालिका आणि राज्यशासनाची खाती आपले पुष्कळसे सॉफ्टवेअर कंत्राटानेच करून घेतात. तेव्हा कंत्राटदाराने प्रोग्रॅम हवाली करताना त्याचा संपूर्ण इतिहासही हवाली करावा, तो पहिल्या नोंदीपासून तपासून घेतल्याखेरीज अखेरचे बिल मंजूर होऊ नये, आणि कंत्राटदाराच्या हाती असलेली प्रत्येक किल्ली त्याच दिवशी रद्द व्हावी, अशी अट निविदेतच घातली पाहिजे.