इंजिनाआधी टाकी बघा

भाताची झोडणी उरकली की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर जुने ट्रक पुन्हा धावू लागतात. भाताची पोती, पेंढा, भट्टीवरच्या विटा आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांना पाणी, सगळा भार यांच्यावरच. अशा गाडीचे इंजिन थकले की हल्ली गॅरेजवाला सांगतो, "शेठ, कॉमन रेलवालं इंजिन टाका. धूर कमी, ॲव्हरेज जास्त." त्याचे बोलणे खोटे नाही. पण मालक इंजिनाचा हिशेब करतो, वायरिंगचा करतो आणि टाकी मात्र जुनीच ठेवतो. घोडे तिथेच पेंड खाते.

जुना यांत्रिक पंप थोडाफार कचरा सोसतो. कॉमन रेलचे तसे नाही. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब सात-आठ बार असतो. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत आणि त्याहूनही वर जातो. इंजेक्टरमधल्या फटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजाव्या लागतात. टाकीतला गंजाचा बारीक कण तिथे पोचला की इंजेक्टर गेलाच म्हणा.

आता आपल्याकडचा पाऊस आठवा. भट्ट्या बंद, गाडी चार महिने अंगणात उभी, टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि पत्रा आतून गंजतो. त्यात कॅनमधून डिझेल ओतायची सवय! म्हणून पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवावी, तळाच्या नळातून पाणी काढावे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा.

दुसरी गोष्ट चढाची. खोपोलीहून बोरघाट चढताना टाकीत डिझेल कमी असेल तर ते एका बाजूला जाते आणि पाइप हवा ओढतो. जुन्या गाडीत हातपंप मारून हवा काढली की काम भागायचे. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचेच, त्यामुळे तो कोरडा फिरला की झिजतो. म्हणून टाकीत आडवे पडदे हवेत आणि डिझेल ओढणारा पाइप अशा जागी हवा की चढावरही तो बुडलेला राहील. इंजिनाकडून परत येणारे डिझेल गरम असते. त्याची नळी पुरेशा मापाची असावी आणि ओढणाऱ्या पाइपापासून दूर उतरावी.

नवी टाकी करून घेताना स्वस्त म्हणून जस्ती पत्रा वापरू नका. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन घाण तयार होते आणि ती इंजेक्टरमध्ये जाऊन बसते. आणि हात जोडून सांगतो, जुन्या टाकीला वेल्डिंग करू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते, ठिणगी पडली की स्फोट होतो. चार पैसे वाचवायला जाऊन माणूस गमावू नका.

कागदाचेही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या बांधणीत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. मंजुरी मिळेलच असे नाही, म्हणून आर.टी.ओ.त आधी विचारा, मग पैसे मोडा. नोंद नसलेल्या बदलावर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवू शकते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. ग्रामपंचायतीच्या टँकरच्या दुरुस्तीचे कोटेशन आले की त्यात टाकी, फिल्टर आणि नळ्या वेगळ्या लिहिल्या आहेत का, ते बघा. नसतील तर सही करू नका. ऐन मे महिन्यात टँकर बंद पडला तर वाडीतल्या बायांनी डोक्यावर हंडे घेऊन किती चालायचे?

इंजिन आणि टाकी दोन्हींचा खर्च झेपत असेल तर खुशाल करा. झेपत नसेल तर जुना पंप चांगला दुरुस्त करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. विहिरीतच गाळ असेल तर वर नवी मोटर बसवून काय उपयोग?