देवगिरीला एक तास

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या शाळांतून सहलींचा मोसम सुरू होतो. फलकावर कागद चिकटतो, वर्गणीचा आकडा जाहीर होतो, संमतिपत्रे घरोघर जातात आणि शिक्षकांच्या खोलीत चहाच्या पेल्यांबरोबर ‘कार्यक्रम’ आखला जातो. हे कार्यक्रम मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मी शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस, इतिहाससंशोधक नव्हे. पण या कार्यक्रमांविरुद्ध बोलायला संशोधक असण्याची गरज नाही. घड्याळ वाचता आले तरी पुरे.

नमुन्यादाखल एक कार्यक्रम देतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ते कोणत्याही शाळेचे असू शकेल. ‘पहाटे ४ वाजता प्रस्थान. ९-३० ते १०-३० देवगिरी किल्ला. ११ ते १२-३० वेरूळ लेणी. नंतर घृष्णेश्वर दर्शन व भोजन. ३ वाजता बीबी का मकबरा, ४ वाजता पाणचक्की, त्यानंतर बाजारहाट व परत.’ वेरूळची लेणी चौतीस. दीड तासात चौतीस लेणी म्हणजे दर लेण्याला तीन मिनिटेही येत नाहीत. त्यात एका कैलास लेण्यात आयुष्यभर रमावे असे! आणि या कागदावरचा वार होता मंगळवार. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे कागद लिहिणाऱ्याला, टंकणाऱ्याला आणि त्यावर सही करणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक नव्हते. हसू येते खरे, पण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

वेरूळचे दुःख वेरूळचे जाणकार मांडतील. माझे भांडण आहे ते देवगिरीच्या वाट्याला आलेल्या त्या एका तासाशी.

त्या तासात काय होते ते सांगतो. गाडी थांबते. पोरे प्रसाधनगृहाकडे धावतात. त्यात वीस मिनिटे जातात. मग महाकोटाच्या दरवाजातून आत शिरून चाँदमिनारापर्यंत मिरवणूक जाते, तेथे सर्वांचे छायाचित्र निघते. इतिहासाचे शिक्षक दोन गोष्टी सांगतात: अल्लाउद्दीनाने हा किल्ला घेतला, आणि वेड्या महंमदाने दिल्लीची राजधानी येथे आणली. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजतो. खंदक दुरूनच पाहायचा, अंधारी पाहायचीच नाही, आणि माथा तर फक्त मान वर करून बघायचा. मुले परत जातात ती एक पराभव आणि एक वेडाचार गाठीला बांधून. सहाशे-सातशे वर्षांचा दगड बोलायला तयार असतो. त्याला आम्ही दोन वाक्यांत गप्प करतो.

आता त्या दोन गोष्टीच तपासून पाहू. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा तो सुलतानही नव्हता; कडा प्रांताचा सुभेदार होता. रामदेवराव यादवाचा पुत्र शंकरदेव सैन्यासह दूर होता. राजा किल्ल्यात कोंडला गेला. बखरकार सांगतात, की घाईघाईने गडावर चढवलेल्या गोण्या धान्याच्या समजून ठेवल्या होत्या, त्या उघडल्या तेव्हा आत मीठ निघाले. ही कथा अक्षरशः खरी मानायची की नाही, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. पण तिच्यातला मुद्दा ढळढळीत आहे. खडक हरला नाही, कोठार हरले. पुढे १६३३ साली मोगलांचा महाबतखान आला. त्याने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले, आणि आत धान्य संपत आल्यावर मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान याने किल्ला स्वाधीन केला. तीनशे सदतीस वर्षांचे अंतर, राजे वेगळे, धर्म वेगळे, शस्त्रे वेगळी. पण भुकेचे उत्तर तेच.

आता मला सांगा, हे मुलांना सांगायला इतिहासाचाच तास कशाला हवा? हे गणिताच्या तासाला सांगता येईल. हजार माणसांना दररोज माणशी अर्धा किलो धान्य धरले, तर महिन्याला पंधरा हजार किलो लागते. म्हणजे पन्नास किलोची एक, अशी तीनशे पोती. सहा महिन्यांच्या वेढ्याला अठराशे. ही पोती कोणी वाहिली? कोणत्या वाटेने? कोठे ठेवली? पावसात ओल कशी लागू दिली नाही? दारावर पोते उघडून पाहणारा कारकून कोण होता? सातवीतल्या पोराला ही उदाहरणे घालून मग त्याला किल्ल्यावर न्या. तो दरवाजात पाऊल टाकताच कोठार शोधू लागेल. अशा पोराला तुमचा एक तास पुरायचा नाही, आणि भोंग्याला तो दाद देणार नाही.

आमच्या पूर्वजांना ‘कार्यक्रम आखणे’ म्हणजे काय ते समजत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधायचा तर आधी पाणी पाहावे, हा त्यातला दंडक. आधी पाणी, मग तट. आम्ही मात्र सहल आखताना आधी भोजनालय पाहतो आणि मग वेळ उरला तर गड!

देवगिरी बांधणाऱ्यांची आखणी पाहा. डोंगराचा पायथा चोहोबाजूंनी तासून त्याचा सरळ कडा केला. सरडाही चढू नये असा. त्याभोवती जित्या खडकात खंदक खोदला. खंदकावरून आत जायला वाट एकच. ती ओलांडली की अंधारी: डोंगराच्या पोटातून वळणे घेत वर जाणारा काळोखा जिना. शत्रू आत शिरला तर त्याला दिशा कळू नये, आणि वरच्या तोंडाशी जाळ करून धुराने त्याला गुदमरवता यावे, अशी ती योजना. एकामागून एक अंबरकोट, महाकोट, कालाकोट. दरवाजांच्या फळ्यांवर हत्तींच्या धडका अडवणारे लोखंडी खिळे. आत हत्ती हौदासारखे प्रचंड जलाशय. हे सारे एका राजाने, एका पिढीत केलेले नाही. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल. प्रत्येकाने आधीच्याचे काम पाहिले आणि त्यात भर घातली. मुलांना हे दाखवायचे सोडून आम्ही त्यांच्याकडून फक्त सनावळ्या पाठ करून घेतो.

आणि आणखी एक पाप आम्ही करतो. देवगिरी म्हणजे पराभव, असे एकदा ठरवून टाकल्यामुळे या गडाची मराठी ओळखच मुलांपासून तोडतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झाली. अल्लाउद्दीन येण्याच्या सहा वर्षे आधी. तिच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख येतो तो याच गडाचा धनी. त्याचाच मंत्री हेमाद्रि. पुढे निजामशाहीच्या अमलात याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते, आणि पैठणचा एक पोरका मुलगा गुरूच्या शोधात त्यांच्यापाशी येऊन राहिला. तो एकनाथ. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी तो रात्रभर जागला, ही आख्यायिका आपण लहानपणी ऐकली. पण ती कोणत्या गडावर घडली म्हणतात, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे? याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. एका सुलतानाच्या चाकरीतला दत्तभक्त किल्लेदार आणि त्याचा शिष्य मराठीचा पहिला संपादक! हे ज्या गडावर घडले तो गड आम्ही मुलांना पराभवाचे स्मारक म्हणून दाखवतो, आणि तेही गाडी चालू ठेवून.

हल्ली दुसऱ्याही एका टोकाचे लोक भेटतात. त्यांना गडावर फक्त अभिमान हवा असतो. २०२५ साली मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत आले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यानंतर एक गृहस्थ मला म्हणाले, “मास्तर, आता पोरांना तिकडेच न्या. देवगिरीला आपलं काय आहे?” मी त्यांना विचारतो: गडाच्या आतली ती जुनी मशीद तुम्ही पाहिलीत का? चौदाव्या शतकाच्या आरंभीची ती वास्तू; तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे; आणि १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर तिच्यात भारतमातेची मूर्ती बसवली गेली. एका छपराखाली तीन काळ उभे आहेत. ज्याला यातला एकच दिसतो, त्याने इतरांना वाट दाखवू नये. वर चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन १६८७ नंतर मरेपर्यंत औरंगजेबाचा कैदी होता. त्या भिंतींवर निळ्या कौलांचे तुकडे अजून आहेत. पराभव फक्त आपलाच होत नाही, हे मुलांना कळायला याहून चांगली जागा कोणती? आणि दुसऱ्याच्या पराभवावर टाळी वाजवायची नसते, हे शिकवायला?

आता आक्षेप. पहिला आक्षेप खर्चाचा: “एवढी गाडी केली, तर चार ठिकाणे नकोत का दाखवायला?” पालकही हेच म्हणतात. त्यांना माझे उत्तर असे, की ताटात दहा पदार्थ वाढून एकही खाऊ न देणाऱ्याला कोणी यजमान म्हणत नाही. पैसे ठिकाणांचे नसतात, पाहण्याचे असतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशशुल्क लागत नाही. तेव्हा एक गड दिवसभर पाहायला शुल्क वाढत नाही, उलट डिझेल वाचते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. हा मी हलका मानत नाही. शेकडो पायऱ्या आहेत, काळोख आहे, कडे आहेत. दुसऱ्याची मुले नेताना काळजाचे पाणी होते, हे मला कोणी सांगायला नको. पण अपघात कोठे होतात? जेथे घाई असते तेथे. एका तासात माथा गाठायला निघालेली शंभर पोरे धोक्यात असतात. दहा-दहांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला एक शिक्षक, हातात बॅटरी, सकाळची थंड वेळ आणि चढायला दोन तास. अशी पोरे सुखरूप चढतात आणि सुखरूप उतरतात. सुरक्षिततेचा खरा शत्रू गड नव्हे, तुमचे वेळापत्रक आहे. ज्यांना हे त्रासाचे वाटते ते आता मुलांना जलक्रीडेच्या उद्यानात नेऊ लागले आहेत. तेथे घसरगुंडी आहे, पाणी आहे, जेवण आहे. खुशाल न्यावे, मुलांनी खेळावेही. पण शाळेच्या खर्चपत्रकात त्याला ‘शैक्षणिक सहल’ म्हणून लिहू नये. खोटे लिहू नये, हे आपणच त्यांना सुविचारात शिकवतो.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही, म्हणून मीच काढतो. गड दाखवायचा तर शिक्षकाने आधी वाचावे लागते, एकदा स्वतः जाऊन चढावे लागते. हे कष्ट आम्हाला नकोत. आमच्यावर कामांचे ओझे आहे, हे खरे; माहित्या भरता भरता वर्ष सरते, हेही खरे. पण ओझ्याचे गाऱ्हाणे सांगणाऱ्याने अंधारीच्या पायऱ्यांवरून धान्याचे पोते वाहिलेल्या माणसाची एकदा आठवण करावी.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. एक सहल, एक गड, एक संपूर्ण दिवस. आखणी मुलांनी वर्गात करावी: फळ्यावर नकाशा काढून, खंदक कोठे, पाणी कोठे, कोठार कोठे असेल याचा अंदाज बांधून, आणि लेणी कोणत्या वारी बंद असतात हेही विचारून. मग जाऊन अंदाज ताडून पाहावा. चुकला तर उत्तम. का चुकला, हा पुढल्या आठवड्याचा तास. वर्गातली प्रत्येक मुलगी आणि प्रत्येक मुलगा, ज्याचे पाय चालतात तो, बारादरीपर्यंत जावा; ज्याचे चालत नाहीत त्याच्यासाठी खाली हौदापाशी, तटापाशी पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याच्याजवळ थांबणारा शिक्षकही नेमलेला असावा.

या मोसमाचे कागद अजून बहुतेक शाळांत लिहिले जायचे आहेत. मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी त्यावर ‘देवगिरी ९-३० ते १०-३०’ असे दिसले, तर त्या ओळीवर काट मारावी. एक तास ठेवून गडाची आणि मुलांची दोघांचीही फसवणूक करण्यापेक्षा न नेलेले बरे. आणि न्यायचेच असेल, तर त्या दिवसाच्या कागदावर दुसरे काहीही लिहू नये.