सल्ला नको, आधी ऐका

धाकटी बहीण म्हणाली, "भाई, नोकरी सोडावीशी वाटते." मी लगेच तिचा बायोडाटा मागितला, दोन कंपन्यांची नावं सुचवली. "बरं" म्हणून ती उठून गेली. आम्हा इंजिनिअर मंडळींना अडचण दिसली की उत्तराची घाई होते.

१९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा प्रोग्राम जगासमोर आणला. बहुतेक वेळा तो समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारायचा. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आपलं कुणीतरी ऐकावं, ही भूक एवढी मोठी असते.

पुढच्या रविवारी मी बहिणीला फक्त विचारलं, "ऑफिसात काय होतं?" आणि गप्प बसलो. कुठे स्फोटाची बातमी आली की डबा खाताना सगळे तिच्याकडे बघतात; म्हणून ती हल्ली एकटीच जेवते. माझ्या बायोडाट्यात याचं उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून ती मला रोज संध्याकाळी फोन करते.

समाज आपलं ऐकत नाही, ही आपली तक्रार खरी आहे. पण घरातल्या बहिणीचं, अम्मीचं आपण किती ऐकतो? या आठवड्यात एकाला तरी विचारा, आणि सल्ला न देता शेवटपर्यंत ऐका.