येणं-जाणं

आमच्याकडे दोन घरांचं कसं काय आहे असं विचारलं, तर 'संबंध चांगले आहेत' असं कोणी सांगत नाही. 'त्यांचं-आमचं येणं-जाणं आहे,' असं सांगतात. बिनसलं असेल तर 'हल्ली येणं-जाणं नाही' एवढ्यावर विषय संपतो. शब्दात 'येणं' आधी आहे आणि 'जाणं' नंतर. बोलायला बरं वाटतं म्हणून तसं असेल, पण मला ते आवडतं.

परवा संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये शेजारचा मुलगा मोबाईलवरची बातमी मित्राला सांगत होता. कुठल्याशा दोन देशांचे तरुण खासदार एकमेकांकडे जाणार आहेत, त्याने म्हणे मैत्री वाढते. मित्राने विचारलं, "मग आपल्याकडे पण येणार का?" पहिला म्हणाला, "कर्जतला? कशाला?" नेरळ आलं आणि दोघं उतरून गेले. त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो.

रोटरीची 'ग्रुप स्टडी एक्स्चेंज' नावाची एक योजना होती. 1965 पासून 2013 पर्यंत ती चालली. पंचविशी ते चाळिशीतली चार-पाच माणसं परदेशात महिनाभर जायची आणि हॉटेलात न उतरता लोकांच्या घरी राहायची. नंतर तिकडची माणसं इकडे यायची. वीसएक वर्षांपूर्वी अशाच एका चमूतली ऑस्ट्रेलियन बाई खालापूर तालुक्यात माझ्या काकांच्या घरी दोन रात्री राहिली. ती तिच्या लहानशा गावाच्या नगरपरिषदेवर निवडून आलेली, काका ग्रामपंचायत सदस्य. दुभाषा मी, म्हणजे बी.ए.च्या इंग्रजीवर सगळी भिस्त.

जानेवारी होता, म्हणून काकांनी पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा. मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करून ते उपडं घातलं आणि भोवती पेंढ्याचा जाळ केला. पाण्याचा थेंब मडक्यावर टाकला आणि तो चर्र करून उडाला की पोपटी झाली. बाई तो थेंब टाकायला तीनदा उठली.

"तुम्हाला किती मतं पडली?" काकांनी जाळ सारखा करत विचारलं.

"नऊशेच्या आसपास."

"मला दोनशे अकरा," काका म्हणाले, आणि लगेच, "पण दोघी पडल्या माझ्यासमोर."

तिने सांगितलं की त्यांच्याकडे मत देणं सक्तीचं आहे, नाही दिलं तर दंड होतो. काका जरा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे मतदारच पैसे देतो!" मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं नाही. मग तिने विचारलं, तुमचे आमदार भेटतात का? काका म्हणाले, "भेटतात की. हळदीला, क्रिकेटच्या सामन्यांना, दहाव्याला." हळद समजावली. दहावा समजावताना मला घाम फुटला.

सकाळी ती काकांबरोबर वाडीकडे फिरायला गेली. वाटेत ओढा लागतो, त्यावर तेव्हा दोन ओंडके टाकलेले होते. त्यावरून पोरं दप्तर सांभाळत शाळेला येत होती. पाणी घोट्याएवढंच. "पावसाळ्यात?" तिने विचारलं. "पावसाळ्यात ओढाच मास्तर. तो ठरवतो शाळा आहे की नाही." साकवाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना, मी 'स्मॉल ब्रिज' म्हणालो. साकवाचा अर्ज दिलाय, मंजुरी यायचीय, असं काकांनी सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं.

लोकप्रतिनिधींची भेट म्हणजे माझ्या मनात आजही हेच चित्र आहे. हल्लीच्या भेटी मोठ्या असतात. पुण्याच्या एमआयटीच्या राहुल कराड यांच्या पुढाकाराने जून 2023 मध्ये मुंबईत बीकेसीला देशभरातल्या आमदारांचं संमेलन भरलं. त्याच मंडळींनी ऑगस्ट 2025 मध्ये सुमारे 130 भारतीय आमदार अमेरिकेत बॉस्टनला नेले. तिथे तिकडच्या राज्यांच्या आमदारांची वार्षिक परिषद भरते. हे चांगलंच झालं. आमदार परदेशी निघाला की 'चालले मजा मारायला' म्हणायची आपली सवय मला पटत नाही. ज्याने तालुक्याबाहेरचं काही बघितलेलंच नाही, तो तालुक्यासाठी मागणार तरी काय?

फक्त बॉस्टनच्या सभागृहात बसून काय दिसतं, हा प्रश्न आहे. तिथून गाडीने तासाभरात न्यू हॅम्पशायर राज्याची हद्द लागते. तिथल्या विधानसभेत 400 सदस्य आहेत आणि लोकसंख्या साधारण 14 लाख. म्हणजे एका आमदारामागे साडेतीन हजार माणसं, आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या ग्रामपंचायतीएवढी. मानधन वर्षाला 100 डॉलर, तेही 1889 पासून तेवढंच. आमचा कर्जत मतदारसंघ म्हणजे कर्जत तालुका आणि खालापूरचा बराचसा भाग. मतदार तीन लाखांच्या वर. आमदार हळदीलाच भेटतो, त्याला दुसरं कारण काय असणार? न्यू हॅम्पशायरच्या एखाद्या तरुण आमदाराला आठवडाभर इथे आणून हळदी, सामने आणि सप्ताह यांच्या पत्रिकांचा गठ्ठा दाखवायला हवा. तो घाबरेल, पण समजेल.

अशा दौऱ्यांनी देश जवळ येतात का? अमेरिकेत 1966 पासून तरुण राजकीय नेत्यांच्या अदलाबदलीचं एक मंडळ काम करतं. 1990 च्या दशकात त्यांच्या निमंत्रणावरून नरेंद्र मोदी अमेरिका फिरून आले, तेव्हा ते आमदारही नव्हते. पुढे 2005 मध्ये त्याच देशाने त्यांना व्हिसा नाकारला आणि 2014 मध्ये त्याच देशाने पायघड्या घातल्या. तेव्हा एका दौऱ्यावर फार भार टाकू नये. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं जगभर गेली. त्यांतलं एक सुप्रिया सुळे यांनी नेलं. दुसरं आमच्या शेजारच्या कल्याणचे तरुण खासदार श्रीकांत शिंदे यांनी नेलं, ते यूएई, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला गेले. त्याचीही गरज होती. पण ती माणसं सांगायला गेली होती. बघायला जाणं आणि बघायला बोलावणं हे काम वेगळं.

आता कर्जत-खालापूरला बोलावून दाखवायचं काय? (आधी एक सूचना. पत्त्यात 'रायगड' ठळक लिहा, नाहीतर पाहुणे रोहित पवारांच्या कर्जतला, नगरकडे पोचतील.) लेणी आहेत, माथेरानची गाडी आहे. पुण्याकडच्या गाडीला घाट चढवायला मागून इंजिनं जोडतात तेवढ्यात खिडकीतून घेतलेला बटाटावडा आहे. ते होईलच. मी एखाद्या जपानी तरुण खासदाराला आधी चौक गावी नेईन आणि तिथून इर्शाळगड दाखवीन.

19 जुलै 2023 च्या रात्री गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. भर पावसात बचावपथकं पायी चढली, जेसीबी खालीच राहिले, माती हातांनी उपसावी लागली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच नंतर सभागृहात सांगितलं.

जपानच्या हिरोशिमात जून 1999 मध्ये अशाच दरडी कोसळल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या संसदेने दरडींसाठी वेगळा कायदा केला. डोंगरउतार तपासून गावोगावचे पिवळे आणि लाल पट्टे नकाशावर काढायचे आणि लाल पट्ट्यात बांधकामावर बंधनं, असा तो कायदा. तिथेही नकाशे पुरे व्हायला वर्षं गेली. 2014 मध्ये हिरोशिमातच पुन्हा माणसं गाडली गेली. पण त्यांच्याकडे नकाशा कायद्याने काढावा लागतो आणि आपल्याकडे यादी असते. यादीत नाव नाही म्हणून वाडी बिनघोर झोपते. या फरकाचा प्रश्न चौकच्या रस्त्यावर उभं राहून, त्या डोंगराकडे बघत दोन तरुण खासदारांनी एकमेकांना विचारावा. पंचतारांकित हॉटेलातल्या चर्चासत्रात तो विचारला जाईल, नाही असं नाही. मात्र तिथे खिडकीतून डोंगर दिसत नाही. आणि वाडीतून वाचलेली माणसं सिडकोने बांधलेल्या घरांत जवळच राहतात. पाहुण्यांनी त्यांच्याकडे चहा घ्यावा. ती काय विचारतील, हे मी सांगायची गरज नाही.

ऑस्ट्रेलियन बाईचं नाताळचं कार्ड काकांकडे दरवर्षी यायचं. खाली एकच ओळ असायची, पूल झाला का? काकू मला उत्तर लिहायला लावायची. 'मंजूर झाला आहे.' पुढच्या वर्षी, 'निधी आला आहे.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'निधी परत गेला आहे.' हे इंग्रजीत कसं लिहावं, यावर मी आणि काकू अर्धा तास वाद घालत बसलो होतो.

सहाव्या वर्षी साकव झाला. काका त्यावर उभे राहिले, मी फोटो काढला आणि पाठवून दिला. उलट टपाली तिचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, मी या वेळी निवडणूक हरले, आता वेळच वेळ आहे. त्या मडक्यातलं जेवण कुठल्या महिन्यात असतं?