हाजराफॉलचा पाहुणा गावात मुक्कामी राहिला पाहिजे

पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी सालेकसा तालुक्यातल्या हाजराफॉल धबधब्यावर गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव, अगदी नागपूरपासून माणसे लोटतात. दरेकसा स्टेशनवरून धबधब्यापर्यंत पायी जाता येते. पाणी पाहायचे, भिजायचे, डबा खायचा, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, एवढाच बहुतेकांचा बेत असतो. नवाटोल्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने तिथली व्यवस्था हाती घेतली आणि गावातल्या तरुण-तरुणींना त्यातून काम मिळाले, ही फार मोलाची गोष्ट आहे. तिचे श्रेय गावकऱ्यांना दिलेच पाहिजे. पण सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा पाहुणा प्रवेश शुल्क, पार्किंग आणि चहा-भजी यांपलीकडे गावाला फारसे काही देत नाही. कचरा मात्र मागे ठेवून जातो. सालेकसा तालुक्याने आता किती माणसे आली हे मोजण्यापेक्षा किती माणसे मुक्कामी राहिली हे मोजावे. आणि हा मुक्काम कुंपणाआडच्या एखाद्या मोठ्या रिसॉर्टमध्ये न होता गावातल्या घरांत व्हावा. या म्हणण्याला भक्कम आधार मिळतो तो दूरच्या जपानमध्ये, समुद्राजवळ गरम पाण्याच्या झऱ्यांवर वसलेल्या गावांत.

तिथल्या पारंपरिक मुक्कामाच्या घराला र्‍योकान म्हणतात. खोलीत तातामीच्या चटया, रात्री जमिनीवरच घातलेले अंथरूण, अंगात घालायला घरातलाच सुती युकाता, आणि भाडे माणशी, तेही रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरून. जेवणात त्या किनाऱ्यावरचे, त्या हंगामातले मासे. मारुयामा नदीच्या मुखाजवळचे किनोसाकी हे अशा मुक्कामासाठी नावाजलेले गाव. तिथे सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि गावात मुक्कामी राहणाऱ्याला ती सगळी खुली असतात. संध्याकाळी पाहुणे युकाता घालून, लाकडी खडावा वाजवत एका स्नानगृहाकडून दुसऱ्याकडे फिरतात आणि वाटेतल्या दुकानांचा धंदा त्यावर चालतो. ही घडी आपोआप बसलेली नाही. 23 मे 1925 च्या भूकंपात आणि पाठोपाठच्या आगीत किनोसाकी जवळजवळ बेचिराख झाले होते. गाव पुन्हा उभे राहत असताना एका र्‍योकानने आपल्या आवारातच गरम पाण्याचे स्नानगृह काढले आणि गाव पेटून उठले. झऱ्याचे पाणी जमीनमालकाचे की साऱ्या गावाचे, हा तो वाद होता. तो न्यायालयात गेला आणि 1950 साली कुठे तडजोडीने मिटला. र्‍योकानांना आतली स्नानगृहे ठेवण्याची मुभा मिळाली, पण आकाराला मर्यादा घालून. मान सार्वजनिक स्नानगृहांचाच राहिला. पुढे झऱ्यांचे पाणी एकत्र करून सर्वांना वाटण्याची व्यवस्थाही झाली. स्टेशन हा आपला दरवाजा, रस्ते ही ओसरी आणि र्‍योकान या खोल्या, असे किनोसाकीचे लोक सांगतात. वीसहून अधिक वर्षे भांडून त्यांनी हे कमावले आहे.

याच्या उलट उदाहरणही जपाननेच दाखवले आहे. टोकियोजवळचे अतामी हे समुद्रकाठचेच गरम पाण्याचे गाव. 1964 मध्ये बुलेट ट्रेन सुरू झाली आणि ती अतामीला थांबू लागली. भरभराटीच्या काळात तिथे प्रचंड हॉटेले उभी राहिली. स्नान, जेवण, दारू, गाणी, खरेदी असे सगळे त्यांनी आपल्या छपराखाली घेतले, म्हणजे पाहुण्याला बाहेर पडायचे कारणच उरले नाही. बाहेरचे रस्ते ओस पडले. 1990 नंतर मंदी आली आणि कंपन्यांच्या सहली आटल्या, तेव्हा हॉटेलेही बंद पडू लागली. किनुगावा या अशाच गरम पाण्याच्या गावी तर नदीकाठी अशा हॉटेलांचे ओसाड सांगाडे आजही उभे आहेत. त्याच सुमारास क्युशू बेटावरचे कुरोकावा हे आडबाजूचे लहान गाव वर येत होते. 1986 मध्ये तिथल्या र्‍योकानांनी एक लाकडी पास काढला. तो विकत घेणाऱ्याला गावातल्या कोणत्याही तीन र्‍योकानांच्या उघड्यावरच्या कुंडांत उतरता येते. मोठाल्या जाहिरातींच्या पाट्या त्यांनी स्वतःहून काढल्या, मोकळ्या जागी झाडे लावली. सारे गाव मिळून एकच र्‍योकान, असा त्यांचा विचार होता आणि तो फळाला आला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जपानकडे गरम पाणी आहे, सालेकशाकडे ते नाही. पण गरम पाणी आपल्या राज्यात काही कमी नाही. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरचे उन्हाळे अशी झऱ्यांची रांगच कोकणात समुद्राला समांतर पसरली आहे. नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आहे. बहुतेक ठिकाणी लोक कुंडात अंघोळ करतात, देवाला नमस्कार करतात आणि घरी जातात. यांतले एकही गाव किनोसाकी झाले नाही. पाणी आहे आणि मुक्काम नाही, असे असेल तर फरक पाण्याचा नसून गावाने मिळून लावलेल्या व्यवस्थेचा आहे. व्यवस्था धबधब्याभोवतीही लावता येते.

सालेकसा तालुक्यात त्या व्यवस्थेला लागणारे पुष्कळ काही घरातच आहे. मुंबई-हावडा मार्गावरचे दरेकसा स्टेशन धबधब्याच्या दारात आहे. झाडीपट्टीचे जेवण बाहेरच्या माणसाने क्वचितच चाखलेले असते: नवा तांदूळ, बोडीतले मासे, पावसाळ्यातले वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी), कोचईच्या पानांच्या वड्या, लाखोळीची डाळ. धबधबा चार महिन्यांचा, मग पुढे काय, असे विचारले जाते. किनोसाकीने बर्फाच्या दिवसांत आपला हंगाम खेकड्यांवर उभा केला. इथेही पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी, थंडीत तलावांवरचे पक्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुले असे वर्ष भरता येते. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच, हे आपणच पुरेसे सांगत नाही. सरकारी चौकटही आहे: राज्याची न्याहारी-निवास योजना, 2020 चे कृषी पर्यटन धोरण. महिला बचत गट गावोगाव आहेत आणि र्‍योकानचा कारभारही परंपरेने घरमालकीणच पाहते.

घरांत पाहुण्याजोगे संडास-न्हाणीघर नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्याच्याकडे भांडवल आहे तोच दोन खोल्या बांधणार आणि गरिबाच्या घरी पाहुणा जाणार नाही, ही भीतीही खरी. जपानमध्ये स्नान करणाऱ्याकडून स्थानिक संस्था कर घेते, बहुतेक ठिकाणी माणशी 150 येन, आणि तो पैसा झऱ्यांचे रक्षण, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनासाठीच वापरावा लागतो. तसा माणशी मुक्काम निधी ग्रामसभेने ठरवावा. त्यातून आधी कचरा, पाणी आणि न्हाणीघरे यांची सोय व्हावी. पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून द्यावेत आणि दर सर्वांचा एकच असावा.

नक्षलवादाची भीती ही आणखी एक गोष्ट. या टापूने तिची झळ बरीच वर्षे सोसली आहे. पाहुण्याची नोंद पोलिसांकडे वेळेवर जाणे इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त काटेकोर हवे. पण सर्वांत गंभीर आक्षेप तालुक्यातल्याच कचारगडाच्या पवित्र गुहेबाबतचा आहे. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. पारी कुपार लिंगो आणि कली कंकाली यांच्याशी जोडलेली ती गुहा त्यांच्यासाठी उगमस्थान आहे. सहलीला आलेल्यांनी तिथे गाणी लावावीत आणि प्लास्टिक टाकावे, हे कोणत्याही उत्पन्नासाठी चालवून घेता कामा नये. म्हणून कचारगड या योजनेत घ्यायचा की नाही, घेतला तर कोणत्या दिवशी, किती माणसे आणि कोणाबरोबर, हे तिथल्या गोंड समाजानेच ठरवावे आणि नकारही अंतिम मानावा. नियम कडक केले की पाहुणा येत नाही, हा समज चुकीचा आहे. जपानी कुंडात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावे लागते, कपडे घालून पाण्यात जाता येत नाही, अंगावर गोंदण असेल तर अनेक ठिकाणी प्रवेशच मिळत नाही. जगभरातली माणसे हे सारे पाळून तिथे जातात, कारण नियम घरमालकाचे आहेत आणि ते सर्वांना सारखे आहेत.

काम कुठून सुरू करायचे, हेही स्पष्ट आहे. धबधब्याजवळची जमीन मोठ्या बांधकामाला देण्यापूर्वी नवाटोला, दरेकसा आणि धनेगाव यांच्या ग्रामसभांनी एकत्र बसून मुक्कामाची नियमावली ठरवावी आणि वन विभागाने तिला मान्यता द्यावी. येत्या पावसाळ्यासाठी प्रत्येक गावातली मोजकीच घरे निवडावीत आणि त्यांच्या न्हाणीघरांचा खर्च जिल्हा नियोजनातून द्यावा. आणि सुट्टीच्या दिवशी दरेकशाला सकाळ-संध्याकाळ सोयीच्या गाड्या थांबाव्यात, ही मागणी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे लोकप्रतिनिधींनी लेखी लावून धरावी.